कापलेल्या कडा

आत्या, तुमच्याबद्दल लोक चुकीचं बोलतात आणि मी ते ऐकून घेते. मागच्या महिन्यात वस्तीवर माझा सत्कार झाला, इतकी वर्षं औषधपाणी बघितलं म्हणून. शाल दिली, नारळ दिला, आणि ज्या माणसाचा तुमच्या हयातीत जन्मही झाला नव्हता त्यानं माइकवरून सांगितलं, की बाईंनी फार सोसलं, घरातूनच विरोध होता, सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांनी गोळ्यांबद्दल वस्तीत भलतीच आवई उठवली होती, तरी बाई डगमगल्या नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून काही बोलेन असं मला स्वतःलाच दोन क्षण वाटलं. मग मी शाल नीट केली आणि बसून राहिले. घरी आल्यावर तुमच्या फोटोकडं पाठ करून जेवले. म्हणून आता लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, कदाचित त्यामुळंच लिहायचं धाडस होतंय.

पुण्याची ती दवाखान्याची पोरं पहिल्यांदा आली तेव्हा मी लग्न होऊन तुमच्या घरात येऊन चारच वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकातले ते दिवस. तुमचा मुलगा लोणी देवकरला कंपनीत लागला होता, मेंढरं विकून टाकली होती, दहाबारा शिल्लक होती ती तुमच्या हट्टामुळं. इंदापूरच्या त्या कोरड्या अंगाला आपली वस्ती, डांबरी रस्त्यापासून तासभर पायी. बाई अडली तर बाजेवर घालून न्यायची. आणि एका रविवारी जीप भरून पुण्याची माणसं उतरली. पांढऱ्या केसांचे एक डॉक्टर, औषधांचं बघणारी एक ताई, आणि अर्ध्या चड्डीतली, टोप्या घातलेली कॉलेजची मुलंमुली. दर रविवारी येणार, तपासणार, औषधं देणार, आणि श्रमदानानं दवाखान्यासाठी एक खोली बांधणार. तुम्ही चुलीपुढून उठून दारात आलात आणि पहिलं काय विचारलंत ते मला अजून आठवतं. "ह्यास्नी त्यांच्या घरी काम न्हाय व्हय?"

खोलीला जागा हवी होती, आणि सोयीची जागा म्हणजे आपलं मेंढरं कोंडायचं रिकामं वाडगं. तुमचा मुलगा तुम्हाला आठ दिवस समजावत होता. तुम्ही प्रत्येक वेळी एकच विचारायचात, "खोली कुणाच्या नावावर लागणार?" डॉक्टर म्हणाले, आजी, खोली वस्तीची. तुम्ही म्हणालात, "वस्तीला अंगठा कुठं असतो उठवायला?" शेवटी जागा दिलीत, पण संशय ठेवून दिलीत. रक्त तपासायला घेतलं तर ते कुठं नेतात म्हणून जीपच्या मागं मागं गेलात. वहीत नावं लिहिली तर नावं कशाला म्हणालात. फोटो काढले तर पदर तोंडावर ओढलात आणि माझ्याही तोंडावर ओढलात. मुलं विटा रचत तेव्हा लांब दगडावर बसून बघत राहायचात, आणि ती जीपमध्ये बसली की भिंतीला तळहात लावून ढकलून बघायचात. वस्ती तुम्हाला हसायची. मीही हसायचे, फक्त पाठ फिरवून. आणि त्याच भिंतीवर सकाळ-संध्याकाळ हंड्यानं पाणी तुम्हीच मारायचात. एकदा मी म्हणाले, आत्या, तुमचा तर विश्वास न्हाय, मग कशाला पाणी मारता? तुम्ही आधी हंडा रिकामा केलात. मग म्हणालात, "भिंतीनं काय केलंय? तिला पाणी लागतंच."

वस्तीतली एक बाई शिकवून तयार करायची असं डॉक्टरांनी ठरवलं. नववीपर्यंत शिकलेली मी एकटीच होते. माझ्या माहेरी, कन्हेरीला, शाळा दारात होती म्हणून. ताप कसा मोजायचा, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, जखम कशी धुवायची, हे ताई शिकवायची. तुम्ही दाराशी तूर पाखडत बसायचात आणि सूप हलायचं थांबलेलं असायचं. मला खात्री होती की तुम्ही माझ्यावर नजर ठेवताय. मला खांद्याला लावायची एक खाकी पिशवी मिळाली. बायका मला गमतीनं डाक्टरीण म्हणू लागल्या आणि आत्या, मला ते फार आवडायचं. तोवर मी तुमची सून होते, अमक्याची बायको होते, पोरीची आई होते. पिशवी खांद्याला लावली की मी कुणाचीच कुणी नव्हते, मी मीच होते. ती पिशवी तुमच्यामुळं जाईल ही भीती मला रोज असायची.

मग शेजारच्या आबांच्या पायात काटा मोडला. बाभळीचा, अंगठ्याच्या बुडाशी. आबांनी तो स्वतः उपसला आणि चार दिवस कुणाला सांगितलं नाही. मी बघितलं तेव्हा पू झाला होता. मी धुतलं, पट्टी बांधली, आणि शिकवलं होतं तसं लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या, दिवसातून तीनदा, पाच दिवस. डॉक्टरांनाही रविवारी दाखवलं. ते म्हणाले, बरोबर दिलंस, चालू ठेव. मला आभाळ ठेंगणं झालं. पण पाचव्या दिवशी सूज घोट्याच्या वर गेलेली, पोटरी तापलेली, आणि आबा दिवसाढवळ्या बरळायला लागलेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत पसरून त्यांना बारामतीला नेलं. जीव वाचला. दोन बोटं काढावी लागली.

तुम्ही आबांना बघायला रोज जात होतात. ट्रॉली गेल्यावर तुम्ही त्यांच्या बाजेखालून मोकळी झालेली पाकिटं गोळा केलीत, तशीच आणखी तीन घरांतून आणलीत, आणि दुपारी माझ्यासमोर जमिनीवर ओळीनं मांडलीत. मी भाकरी थापत होते. ते सगळं मला आज समोर दिसतंय. तुम्ही उकिडव्या बसलाय, पदर कमरेला खोचलाय, आणि एकेक पाकीट सरळ करताय.

"ह्यातलं काय वाचून दाव."

"हे औषधाचं नाव हाय."

"आन् हितं?"

"हितं कंपनीचं."

"आन् हितं?" तुमचं बोट कडेवर आहे.

"हितं काय न्हाय."

"तेच दावतीया. हितं काय न्हाय. ह्याच्यावर बी त्याच अंगाला काय न्हाय. ह्याच्यावर बी न्हाय. सगळ्यांची एकच कड कशी काय गेली?"

मी म्हणाले, डब्यात बसत न्हाईत म्हणून कापली असतील. तुम्ही मान हलवलीत. तुमचा सगळा जन्म मेंढरांत गेलेला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की दुसऱ्याचं मेंढरू चोरून आणलं की चोर आधी त्याचा कान कापतो, कारण मालकाची खूण कानावर असते. "कान कापलेलं मेंढरू बाजारात दिसलं की आमी दात बघत न्हाय, लोकर बघत न्हाय. कान का कापला एवढंच इचारतो. ह्या गोळ्यांचा कान कुणी कापला?"

आत्या, ज्याला वाचता येतं तो लिहिलेलं वाचतो. नसलेलं तुम्हालाच दिसलं. आणि मी त्या वेळी काय केलं? मी पिठाचे हात तसेच ठेवून तुमच्यावर ओरडले. तुमाला चांगलं बघवत न्हाय, म्हणाले. तुमच्यासारख्यांमुळं वस्ती अडाणी राहिली, म्हणाले. मी चार माणसांत उठून दिसते ते तुमच्या डोळ्यांत सलतंय, असंही म्हणाले. चार वर्षांत मी तुमच्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता. तुम्ही पाकिटं गोळा केलीत, पदरात बांधलीत आणि बाहेर गेलात. तव्यावरची भाकरी करपली ती तुम्ही परत येईपर्यंत तशीच होती.

तुम्ही आधी खरं सांगत फिरलात, हे सत्कारात कुणी सांगितलं नाही. घरोघर जाऊन, पाकिटं दाखवून, कान कापलाय, ह्या गोळ्या घेऊ नगा. लोक हसले. म्हातारीला आता गोळ्यांत बी मेंढरं दिसाय लागली, असं एकजण म्हणाला, ते माझ्या कानांवर आलं. मग तुम्ही बायकांना गाठलंत आणि दुसरं सांगितलंत. ह्या गोळ्यांनी पोरं व्हायची बंद हुत्यात. तासाभरात वस्तीतली सगळी पाकिटं तुमच्या पदरात येऊन पडली. रविवारी जीप आली तर दारं लावलेली. मुलांना कुणी पाणीसुद्धा दिलं नाही. खोलीच्या भिंती पुऱ्या झालेल्या, वर पत्रे चढवायचे होते, पण हाताखाली एक माणूस आला नाही.

डॉक्टर चिडले होते. त्या बिनछपराच्या खोलीतच सगळ्यांना बोलावलं. ही आवई कुणी उठवली, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीच उभ्या राहिलात.

"मी उठवली. खोटं बोलले. आन् खरं कुणी ऐकलं असतं तर खोटं बोलले नसते." आणि पदराची गाठ सोडून पाकिटं त्यांच्यापुढं वाळूवर टाकलीत.

डॉक्टरांनी एक उचललं. उलटं केलं. दुसरं उचललं. मला त्यांचा चेहरा तेव्हाही वाचता आला नाही, आजही येत नाही. त्यांनी विचारलं, "कात्री कुणी लावली?" नंतर घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "आपण त्याच्यापुढं कापलंय असं म्हणलोच न्हाय. त्यानं कात्री कशी वळखली?" मी म्हणाले, कापलेलं दिसतंय की. तुम्ही म्हणालात, "तुला दिसलं व्हतं का?" डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, असं तुम्ही मरेपर्यंत म्हणत राहिलात. मला खरंच ठाऊक नाही. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांनी स्वतःच्या हातांनी बाळंतपणं केली, उन्हातान्हात चालत आले. तरी ते मान खाली घालून काही लिहीत असले की मी त्यांच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, होतं का माहीत?

पण त्या दिवशी उत्तर ताईनं दिलं. "मी," ती म्हणाली. पंचवीसेक वर्षांची असेल. पुण्यात घराघरांतून, डॉक्टरांच्या दवाखान्यांतून उरलेली औषधं ती गोळा करून आणायची. बरीचशी मुदत संपलेली निघायची. टाकून दिली तर हातात काहीच उरत नव्हतं, आणि थोड्या महिन्यांनी काय होतंय असं तिला वाटलं. वस्तीतली शाळेची पोरं तारीख वाचतील आणि माणसं घाबरतील, म्हणून तारखेची कड काढली. ती हे सगळं सांगत होती आणि रडत नव्हती, हे मला जास्त बोचलं. डॉक्टर म्हणाले, आबांची बोटं ह्यानंच गेली असं सांगता येणार नाही, चार दिवस अंगावर काढलं होतं, चांगल्या औषधानंही गेली असती. तुम्ही विचारलंत, "आन् ऱ्हायली असती का?" डॉक्टर म्हणाले, "राहिलीही असती."

आता ते सांगते, जे तुम्हाला सांगितलं नाही. ताई "मी" म्हणाली, पण कापणारे हात माझे होते. औषधं बारामतीलगतच्या जळोचीत एका भाड्याच्या खोलीत ठेवलेली असायची. बारामतीच्या बाजाराला गेले की मी तिथं जायचे, दिवसभर बसून पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरायचे. एकदा ताईनं कात्री दिली आणि म्हणाली, डब्यात बसत नाहीत, एवढी बाजू कापून टाका. पहिली दोन-चार मी तशीच कापली. मग एका तुकड्यावर नजर गेली. महिना इंग्रजीत होता, साल आकड्यांत. मागचं साल. दुसरा तुकडा बघितला. तेही मागचंच. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही, आत्या. मला कळलं. मी एकदा वर बघितलं, ताई दुसरीकडं बघत होती. मी विचारलं नाही. शिकलेल्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं स्वतःला सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. विचारलं तर पिशवी जाईल असं वाटलं. मी पुढची सगळी कापली, तुकडे गोळा करून फडक्यात बांधले आणि येताना ओढ्यात टाकले. आबांच्या कॅप्सूल त्यातल्याच होत्या.

त्या खोलीत ताईनं माझं नाव घेतलं नाही. एकदा माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. मुलांनी त्याच दुपारी मागं खड्डा खणला, सगळे डबे उघडून डॉक्टरांनी तारखा बघितल्या, आणि चारातले तीन डबे चुना टाकून पुरले. तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभ्या. "अजून खोल घ्या, कुत्री उकरत्याल." ताई चालतच डांबरी रस्त्याला गेली, एसटी धरायला. जाताना माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "तुम्ही काम सोडू नका." मी नुसती मान हलवली. तिची मला पुन्हा भेट झाली नाही. तिचं चुकलंच होतं. पण निम्मं माझं होतं आणि तेही तीच घेऊन गेली.

खोलीवर पत्रे चढले. पण तुमची आवई मात्र मागं घेता आली नाही. पुढं वर्षभर बायका कुठलीही गोळी घ्यायच्या आधी माझ्याकडं संशयानं बघायच्या, आणि बोट तुमच्याकडं दाखवायच्या. तुम्ही कुणालाही खुलासा केला नाही. डॉक्टर त्यानंतर दर रविवारी नवी पाकिटं तुमच्यापुढं धरायचे. "आजी, बघून घ्या." तुम्ही पाकिटाकडं नाही, त्यांच्या तोंडाकडं बघायचात. मग म्हणायचात, "असू द्या."

आणि मी तुमच्याकडं बघायचे. घरात सगळं आधीसारखंच होतं, पण मला ते आधीसारखं वाटेना. कात्री तुम्ही उतरंडीच्या मागं ठेवलीत तर मला वाटे, का ठेवली. बाजारात माझ्याबरोबर यायला लागलात तर वाटे, का येताय. एकदा, दोन-तीन महिन्यांनी असेल, तुम्ही चुलीत फुंकर घालता घालता सहज विचारलंत, "जळोचीला तू दिवसभर काय काम करायचीस ग?"

"डबे भरायचे."

"आन्?"

"आन् काय न्हाय."

तुम्ही धुरातून माझ्याकडं बघितलंत. मग पुन्हा फुंकर घातलीत. एवढंच. तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली. कधी वाटतं तुम्हाला सगळं कळलं होतं आणि घरची सून म्हणून तुम्ही ते पोटात ठेवलंत. कधी वाटतं तुम्हाला काहीच कळलं नव्हतं, तुम्ही नुसतं विचारलंत, जसं सगळ्यांना सगळं विचारायचात. जगातल्या प्रत्येकावर संशय घेणारी बाई माझ्यावर घेत नव्हती की काय, ह्या विचारानं मला जास्त त्रास होतो. आबा मात्र काठी टेकत आपल्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि मी पुढं केलेला चहा प्यायचे, आणि म्हणायचे, "पोरीनं लई केलं माझं."

तुम्हाला दमा लागला तेव्हा दशक संपत आलं होतं. शेवटची दोन वर्षं तुम्ही ओट्यावरच्या बाजेवर, उशीला टेकून. गोळी सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि ती फक्त माझ्या हातून. मुलानं दिली तर नको म्हणायचात. मी हातावर गोळी ठेवली की मूठ मिटायच्या आधी विचारायचात, "बघितलंस?" मी पाकीट वर करून महिना आणि साल मोठ्यानं वाचायचे. तुम्ही मान हलवायचात आणि गिळायचात. दिवसातून तीनदा. मला प्रत्येक वेळी वाटायचं की हे तुम्ही मला सुनावताय. आणि प्रत्येक वेळी असंही वाटायचं की नाही, हा विश्वास आहे, आणि तो मला पेलवत नाहीये. एकदा तोंडावर आलं होतं, की आत्या, ती पाकिटं मी कापली. तुम्हाला तेवढ्यात खोकला आला. मी पाणी आणायला उठले, आणि पाणी घेऊन आले तोवर ते सांगायचं राहून गेलं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. सत्कार करणाऱ्यांना तर नाहीच. खरं सांगायचं तर तुम्ही हयात असतात तरी दाखवले असते की नाही, ह्याचाही मला भरवसा नाही.

पण एक बारीकसं अजून राहिलंय. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी लसीकरणावरून तीन वस्त्या चालून आले होते. पाय भरून आले होते. तुम्ही बाजेवर वाट बघत होतात, गोळीची वेळ टळून गेली होती. नवं पाकीट फोडून मी गोळी तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही विचारलंत, "बघितलंस?" मी म्हणाले, बघितलं, आणि तोंडाला येईल तो महिना आणि साल सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि गिळलीत. मग मी पाकीट वळवून बघितलं. मुदत होती, चांगली दीड वर्षाची होती. पण ते मी तुम्ही गिळल्यावर बघितलं.